सरपणासाठी चेनसॉ घ्यायचाय: कोणता घ्यावा, सांभाळावा कसा?

फुटका_ओंडका

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून लिहितोय. वादळात दोन-तीन झाडं आडवी झालीत आणि त्यांचं सरपण करायचंय, बुंधे असतील फूट-सव्वा फूट जाडीचे, फांद्या मनगटापासून मांडीएवढ्या. यापुढेही दरवर्षी थोडंफार लाकूड कापावं लागणार आहे त्यामुळे एकदाच काय ते नीट घ्यावं म्हणतो. एक मित्र म्हणतो घेतोच आहेस तर मोठं घे, २० इंची बारवालं (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी). दुसरा म्हणतो बॅटरीवालं घे, पेट्रोलची कटकट नको. आणि घरचे म्हणतात कुऱ्हाड आहे की, तिला काय झालं. व्हिडिओ बघून बघून डोकं गरगरायला लागलंय, कोणीतरी अनुभवी माणसाने जरा इस्कटून सांगा.

कानसवाला

२० इंची डोक्यातून काढून टाका. बारची लांबी तुमच्या रोजच्या लाकडाच्या जाडीवर ठरते, फूट-सव्वा फुटाला १४ ते १६ इंची बार भरपूर झाला. एखादा बुंधा जाड निघाला तर दोन्ही बाजूंनी कापता येतोच. बार लांब घेतला की ती लांब चेन ओढायला इंजिन मोठं लागतं, मशीन जड होतं, संध्याकाळी खांदे बोलतात, आणि धार लावायचे दात वाढतात ते वेगळंच. ४० ते ५० सीसीचं पेट्रोल मशीन आणि १६ इंची बार, तुमचं काम यात बसतं.

पण खरं सांगू का, कोणतं मशीन यावर लोक महिना घालवतात आणि धार कशी लावायची यावर अर्धा तास पण देत नाहीत. भारीतलं मशीन बोथट चेन लावून चालवा आणि साधं मशीन धारदार चेन लावून चालवा, साधं पुढे जाईल, पैज लावतो. त्यामुळे बजेटमध्ये आधी कानस, कोन सांभाळणारं तिचं गाइड आणि एक जादा चेन धरा, उरलेल्यात मशीन बघा.

दोन_स्ट्रोक

+१, अगदी हेच. माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यातली निम्मी मशीनं बिघडलेलीच नसतात. "पॉवर गेली", "इंजिन बसलं" म्हणत आणतात आणि चेन बघावी तर दातांचे कोपरे गोटीसारखे गोल झालेले. काही वेळा तर चेन उलटी लावलेली असते, लाकडातून धूर निघतोय आणि माणूस वरून दाबतोय! वरच्या बाजूला दातांची धार बारच्या टोकाकडे तोंड करून पाहिजे एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

चार्जिंगवर

बॅटरीला कोणी मान देईना म्हणून लिहितो. वर्षातून चार-सहा वेळा काम असेल आणि लाकूड फुटाच्या आतलं असेल तर ३६ व्होल्ट किंवा त्याच्या वरचं बॅटरी मशीन उत्तम. बटण दाबलं की सुरू, पेट्रोल शिळं होण्याची भानगड नाही, कार्ब्युरेटर नाही, दोन कापांच्या मध्ये एकदम शांत. दोन बॅटऱ्या मात्र पाहिजेत, एक कामात एक चार्जिंगला. आणि त्याच कंपनीची बाकीची अवजारं असतील तर बॅटरी सगळ्यांना चालते.

दोन_स्ट्रोक

मान आहे हो, पण सव्वा फुटाचे वाळलेले कडक बुंधे दिवसभर कापायचे तर बॅटरी तापते, मध्येच कट-ऑफ होते, मग बसा वाट बघत. फांद्या छाटायला, छोटी लाकडं करायला बॅटरी, आणि बुंध्याला पेट्रोल अशी माझी वाटणी. वायरवालं इलेक्ट्रिक पण वाईट नसतं बरं का, एका जागी घोडीवर लाकूड ठेवून कापायचं असेल तर ते सगळ्यात कमी त्रासाचं. फक्त एक्स्टेन्शन वायर जाड घ्या, लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते, दोष मशीनला जातो.

कुऱ्हाडच_बरी

आयडी बघून कळलंच असेल मी काय म्हणणार :) पण भांडायला आले नाहीये. आडवं कापायला मशीन घ्या, खुशाल घ्या. उभं फोडायला मात्र मशीनचा काही उपयोग नाही, तिथे हातच लागतात आणि तिथेच लोक चुकीचं हत्यार घेतात. झाड तोडायची कुऱ्हाड पातळ पात्याची असते, ती लाकडात रुतते आणि मग ओढत बसा. फोडायला जाड पाचरीसारख्या डोक्याची कुऱ्हाड पाहिजे, जी आत शिरल्यावर दोन्ही बाजू ढकलते. डोक्याचं वजन अडीच ते साडेतीन किलो. नवख्याने साडेतीनच्या वर जाऊ नये, वजनापेक्षा वेग जास्त फोडतो. डोकं हलकं आणि दांडा लांब हे जोडीचं समीकरण कमी लोक करून बघतात.

आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने लोखंडी पाचर ठोकू नका ग प्लीज. साध्या कुऱ्हाडीचं भोक तिथे पसरतं आणि डोकं दांड्यावर ढिलं होतं. पाचरीला घण वापरा, नाहीतर जिची मागची बाजू ठोकायलाच बनवलीये ती जड कुऱ्हाड.

फुटका_ओंडका

बापरे, एका रात्रीत इतकं! सगळ्यांचे आभार. कानसवाला, धार लावणं नेमकं कसं असतं? चेनवर ते ३/८, ०.३२५ असले आकडे बघून मी गपगुमान पान उलटलं होतं.

कानसवाला

पान उलटू नका, तेच आकडे कामाचे. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली पिच, म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर भागिले दोन. लहान-मध्यम मशीनवर ३/८ लो प्रोफाइल किंवा ०.३२५ इंच असतं, मोठ्यांवर पूर्ण ३/८ किंवा ०.४०४. लो प्रोफाइल ३/८ आणि पूर्ण ३/८ आकडा एकच असला तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत, इथे खूप लोक फसतात. दुसरी गेज, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या पात्याची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी. तिसरी, खाली लोंबणाऱ्या ड्राइव्ह लिंकची संख्या. "१६ इंची चेन द्या" एवढ्यावर चेन मागू नका, त्याच लांबीच्या दोन बारवर लिंक वेगवेगळ्या असू शकतात. हे तिन्ही आकडे बहुतेक वेळा बारवरच कोरलेले असतात, पुसले जायच्या आत फोटो काढून ठेवा.

आता कानस. गोल कानसच लागते आणि तिची जाडी पिचवर ठरते. ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८, पूर्ण ३/८ ला ५.२ किंवा ५.५, कंपनी काय सांगते ते पाहून. चुकीच्या जाडीची कानस धार लावतच नाही, दाताची आतली कड वेड्यावाकड्या आकाराची करते.

बार कशात तरी घट्ट पकडा, चेन ब्रेक (चेन जागीच थांबवणारा ब्रेक) लावा. दातावरच्या धारेच्या रेषेला समांतर कानस धरा, बहुतेक चेनना कोन २५ ते ३० अंश असतो आणि दाताच्या वर एक खूण कोरलेली असते ती बघून कोन मिळतो. कानसीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर राहिला पाहिजे. ढकलताना कापायचं, आतून बाहेर, परत आणताना उचलायची. मागेपुढे घासलीत तर कानस दोन दिवसात मरते. प्रत्येक दाताला सारखेच घासे द्या, तीन म्हणजे तीन. आधी सगळ्यात छोटा दात शोधा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणा. एका बाजूचे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे.

फुटका_ओंडका

धार गेली हे कळतं कसं? दिसतं का?

कानसवाला

दिसतं पण, त्याआधी भुसा सांगतो. आडवं कापताना जाड जाड ढलप्या उडायला हव्यात. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबा. दुसरी खूण, मशीन स्वतःच्या वजनाने खाली जात नाही, तुम्हाला दाबावं लागतं. तिसरी, काप एका बाजूला वळत जातो, म्हणजे डाव्या-उजव्या दातांची धार किंवा लांबी सारखी नाही, किंवा बारची एक कड झिजलीये. दाताची वरची कड उजेडात धरा, चकाकी दिसली तर तिथे धार नाही. धारेवर उजेड थांबत नाही.

पेट्रोल भरायला थांबता ना, तेव्हाच दातावर एक-दोन घासे मारायची सवय लावा. पूर्ण बोथट होऊ देऊन मग घासत बसणं हा सगळ्यात मेहनतीचा मार्ग.

अवांतरकार

अवांतर: दाताचा हा आकार लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या अळीवरून आलाय. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपणासाठी लाकूड फोडताना ती अळी बघत बसला. रेषेच्या दिशेने असो वा आडवं, ती डाव्या-उजव्या जबड्याने सहज पोखरत जात होती. तोवरच्या चेनना साध्या करवतीसारखे दात असायचे आणि त्यांना धार लावणं म्हणजे शिक्षाच असायची. कॉक्सने त्या जबड्याच्या आकाराचे डावे-उजवे दात केले. आज आपण जे गोल कानसीने घासतो त्याचं मूळ ते. आणि त्याहून अवांतर: चेनला दात लावून कापायची कल्पना १८ व्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडच्या दोन डॉक्टरांची, जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्रे, हाड कापायला, बाळंतपणात! हातात मावेल एवढीशी होती, हाताने ओढायची. लाकडासाठी मोटरवालं मशीन १९२६-२७ च्या सुमारास जर्मनीत श्टील आणि डोल्मार यांनी आणलं, ते चालवायला दोन माणसं लागायची.

चार्जिंगवर

आता जेवताना हा धागा वाचणार नाही, धन्यवाद.

हेल्मेटधारी

लोक मशीन, चेन, कानस सगळ्यावर बोलतायत आणि अंगावर काय घालायचं ते कोणीच नाही. चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. डाव्या मांडीवर आणि पायावर सगळ्यात जास्त जखमा होतात कारण काप संपला की मशीन तिकडेच येतं. चेनसॉची खास पँट किंवा पुढून बांधायचं कापड घ्या. आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते धागे बाहेर ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि चेन अडकून थांबते. त्यावर क्लास असतो: क्लास १ म्हणजे २० मीटर प्रति सेकंद वेगापर्यंत तपासलेलं, क्लास २ म्हणजे २४. इलेक्ट्रिक मशीनचा जोर वेगळा असतो म्हणून त्यात ते धागे पेट्रोल मशीनइतकं हमखास थांबवतील असं धरून चालू नका. जीन्सचा काही उपयोग नाही, दोरा न ओढता कापली जाते.

कानाला मफ पाहिजेच, पेट्रोल मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो. डोळ्यांना जाळी किंवा चष्मा. आणि घट्ट बूट.

घाईत_आहे

एवढं सगळं कशाला, अँगल ग्राइंडरला लावायची छोटी चेनची पट्टी मिळते की. मशीन घरात असतंच, फक्त पट्टी घ्यायची, फांद्या झकास कापल्या जातात.

हेल्मेटधारी

कृपया नको. ग्राइंडरला चेन ब्रेक नसतो, चेनचं तेल नसतं, पुढच्या हाताच्या रक्षणाला काही नसतं, आणि बऱ्याच ग्राइंडरचं बटण सोडलं तरी चालूच राहतं कारण ते लॉक होतं. त्यात ग्राइंडर ज्या वेगाने फिरतो तो त्या पट्टीसाठी नाही. पट्टीचं टोक कुठे अडकलं की ते सरळ तोंडाकडे. इथे कोणी नवीन माणूस वाचत असेल त्याच्यासाठी ठळक अक्षरात: ते घेऊ नका.

दोन_स्ट्रोक

+१००. दुरुस्ती करणारा माणूस म्हणून पण सांगतो, त्यात धंदा असला तरी मी लावून देत नाही.

कानसवाला

किकबॅकबद्दल इथेच लिहितो. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला तरी टेकला, मागचं लाकूड, एखादी फांदी, काहीही, की मशीन क्षणात वर आणि मागे उसळतं, तुमच्या डोक्याच्या दिशेने. सावरायला वेळच मिळत नाही, म्हणून चेन ब्रेक. पुढच्या दांड्याला डाव्या हाताचा अंगठा खालून वळसा घालून पाहिजे, वर ठेवलेला नाही. मशीनच्या सरळ रेषेत डोकं ठेवू नका, थोडं डावीकडे उभे रहा. खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. टोकाने कापू नका. आणि मशीन सुरू करायचं तर जमिनीवर ठेवून, मागच्या हँडलमध्ये पाय घालून, ब्रेक लावून. हातात लटकवून झटका देतात त्या व्हिडिओवाल्यांचं ऐकू नका.

दोन_स्ट्रोक

चला, आता माझा विषय, पेट्रोल आणि तेल. कार्ब्युरेटर साफ करून करून वैतागलोय म्हणून लांबण लावतो, माफी. मिक्सचर बहुतेक नवीन मशीनना ५०:१ लागतं, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं) तेल, ५ लिटरला १०० मिली. मॅन्युअलमध्ये ४०:१ लिहिलं असेल तर लिटरला २५ मिली. मोजूनच टाका, झाकणाने अंदाजे नाही. तेल चेनसॉसाठीचं किंवा डब्यावर जासो एफडी (JASO FD) दर्जा लिहिलेलं घ्या. कमी तेल टाकलं तर पिस्टन खरवडतो, आणि ज्यादा टाकलं तर प्लग काळा होतो, एक्झॉस्टमध्ये कार्बन साठतो, इतका फरक. मिसळल्यावर महिन्याभराच्या आत संपवा. इथेनॉलवालं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, मग ते पाणी खाली बसतं, रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचा पडदा फुगतो किंवा कडक होतो. सहा महिने टाकीत पेट्रोल सोडून ठेवलेली मशीनं मला दरवर्षी येतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "गेल्या वर्षी एकदम मस्त चालत होतं". ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना हात लावू नका जोवर आवाज ओळखता येत नाही. H चा (जास्त वेगावर किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा) स्क्रू घट्ट करत गेलात की मिक्सचर पातळ होतं, मशीन वरच्या सुरात जोरात ओरडतं, आपल्याला वाटतं पॉवर वाढली, आणि पिस्टन गेला. हात लावायचाच तर फक्त आयडलचा (नुसतं चालू असतानाचा वेग ठरवणारा), एवढाच की सोडलेल्या थ्रॉटलवर चेन फिरायला नको. फिरत असेल आणि स्क्रूने थांबत नसेल तर क्लचची स्प्रिंग बघा.

वाचनमात्र

बारला चेनचं तेल म्हणून जुनं इंजिन ऑइल टाकतात लोक, चालतं का? फुकट मिळतं म्हणून विचारतो.

दोन_स्ट्रोक

नाही. त्यात झिजलेल्या धातूचे कण असतात, बार आणि तेलाचा पंप दोन्ही खातात. वर ते अंगावर, कपड्यांवर उडतं आणि वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोग करणारे घटक असतात. चेनचं तेल चिकट असतं ते मुद्दाम, टोकाला वळताना उडून जाऊ नये म्हणून. घरी खाण्याचं तेल असेल तर ते एकवेळ चालतं, पण मशीन ठेवून दिलं की आतच गोंदासारखं घट्ट होतं, मग पंप चोक. एक टाकी पेट्रोल संपलं की तेलाची टाकी पण जवळपास रिकामी व्हायला हवी. ती भरलेलीच राहिली तर तेल पोचत नाहीये. टोक उजळ रंगाच्या पुठ्ठ्यावर धरून थ्रॉटल द्या, तेलाची रेघ उमटली पाहिजे. उमटत नसेल तर बारच्या खाचेत आणि तेलाच्या छिद्रात भुशाचा गारा बसलाय, पातळ पट्टीने काढा.

फुटका_ओंडका

खूपच मोलाचं! पत्नीला वाचून दाखवलं तर म्हणते आधी पँट घे, मग मशीन. हेल्मेटधारींची बाजू भक्कम झाली. लाकडाबद्दल विचारतो, ओलंच कापावं का वाळू द्यावं?

कुऱ्हाडच_बरी

ओलंच कापा, ओलंच फोडा, मग वाळवा. ओलं बहुतेक लाकूड सोपं कापलं जातं, सोपं फुटतं. अखंड ओंडका सालीतून फारसा वाळत नाही, पाणी बाहेर पडतं ते कापलेल्या टोकातून आणि फोडलेल्या बाजूंतून. म्हणून फोडलेली ढलपी झपाट्याने वाळते आणि सालीसकट पडलेला बुंधा दोन वर्षांनी पण आतून ओलाच.

जाळायला ओल २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. ताज्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणी सहज असतं आणि ते आधी उकळून उडवण्यात तुमची उष्णता जाते. २० टक्क्यांवरच्या लाकडातून किलोमागे साधारण ४ किलोवॉट-तास मिळतात, निम्मं पाणी असलेल्यातून दोन-सव्वादोन. वर धूर, आणि धुराड्यात डांबरासारखा थर जमतो जो एक दिवस पेट घेतो. ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, पण ते नुकत्याच फोडलेल्या आतल्या बाजूला लावा, बाहेरून वाळलेलं दाखवेलच. मऊ लाकूड एका उन्हाळ्यात होतं, जड लाकडाला वर्ष-दीड वर्ष, कधी जास्त. ढीग जमिनीपासून उचलून, वरून झाकलेला, बाजूंनी उघडा. बाजूही झाकलीत तर आत बुरशी.

चार्जिंगवर

ताई, गाठीवालं लाकूड कसं फोडायचं? निलगिरीचे काही ओंडके दोन दिवस मारतोय, काही होईना, दांडाच तुटला.

कुऱ्हाडच_बरी

निलगिरी चिवटच, त्याचे धागे एकमेकांत पिळलेले असतात. मधोमध मारू नका, कडेने ढलप्या काढत काढत आत या. आधी टोकावरच्या बारीक भेगा वाचा, वाळताना लाकूड जिथे स्वतःहून फुटलंय तिथेच ते कमकुवत आहे, त्या भेगेच्या रेषेत मारा. गाठ असेल तर ती वर नको, खालच्या बाजूला ठेवा. फुटतच नसेल तर जिद्द नको, मशीनने आडव्या चकत्या बारीक करा, सहा-सात इंचाच्या, मग फुटतात.

खालचा ठोकळा गुडघ्याहून उंच नको. त्याच्यावर जुना टायर ठेवून ओंडका आत उभा केला तर तुकडे इकडे-तिकडे पडत नाहीत, वाकायचं निम्मं वाचतं. आणि पाय फाकवून उभे रहा, नेम चुकला तर कुऱ्हाड ठोकळ्यात गेली पाहिजे, नडगीत नाही.

दांड्याबद्दल: लोक ढिला झाला की कुऱ्हाड पाण्यात भिजवून ठेवतात. लाकूड फुगतं, घट्ट होतं, वाळलं की आधीपेक्षा ढिलं कारण आतले धागे चेपलेले असतात. तेल पाजा, जवसाचं, आणि पाचर नवी मारा.

अवांतरकार

हात करवत कोणी विचारलीच नाही. धनुष्यासारखी चौकट असलेली करवत फांद्यांना फार छान, बॅटरीपेक्षा वेगळी मजा. ओल्या लाकडासाठीच्या पात्याला चार-पाच दातांनंतर एक वेगळा दात असतो, तो भुसा खेचून बाहेर काढतो, वाळलेल्या लाकडासाठी तो नसलेलं साधं पातं. लोक एकच पातं दोन्हीला वापरतात आणि करवतीला शिव्या देतात. दातांची टोकं निळसर दिसत असतील तर ती पाणी चढवून कडक केलेली आहेत, त्यांना कानस लागत नाही, पातंच बदलायचं.

दोन_स्ट्रोक

बरोबर. फुटका_ओंडका, कापायला बसाल तेव्हा ओंडका सरळ जमिनीवर ठेवून आरपार कापू नका, चेन एकदा मातीत शिरली की सकाळची धार तिथेच संपली. चारातले तीन हिस्से कापा, ओंडका फिरवा, मग उरलेलं. किंवा घोडी करा. आणि पडलेलं झाड दोन टोकांवर टेकलेलं आणि मध्ये लोंबत असेल तर वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून एक-तृतीयांश कापा, मग खालून. एकाच बाजूने गेलात तर काप मिटतो आणि बार अडकतो. टोक लोंबत असेल तर उलटं, आधी खालून. बार अडकलाच तर ओढाओढी नको, मशीन बंद करा आणि प्लास्टिकची पाचर ठोका. लोखंडी नको, दात लागला तर गेला.

माती लागलेलं, रस्त्याकडेचं लाकूड असेल तर सेमी चिझल चेन घ्या, दाताचा कोपरा गोलसर असतो, सावकाश कापते पण धार टिकते. फुल चिझल स्वच्छ लाकडाला.

चार्जिंगवर

चेन किती ताणायची यावर कोणी लिहा ना. मी ढिली ठेवली की निसटते, घट्ट केली की बार तापतो.

कानसवाला

थंड असताना बारचं टोक वर उचलून धरून ताणा, मग नट आवळा. टोक उचललं नाहीत तर बार खेळतो आणि ताण पुन्हा ढिला होतो. मधोमध चेन चिमटीत धरून वर ओढा, ड्राइव्ह लिंक थोड्या दिसल्या पाहिजेत पण खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत, सोडली की टपकन परत बसली पाहिजे, आणि हातमोजा घालून हाताने सहज फिरली पाहिजे. नवी चेन पहिल्या दिवशी लांबते, रिव्हेट बसतात, त्यामुळे दर थोड्या वेळाने बघत रहा. काम संपल्यावर ढिली करून ठेवा. तापलेली चेन थंड होताना आवळली जाते, घट्ट राहिली तर बार आणि क्रँक दोघांनाही ताण येतो.

बार अधूनमधून उलटा करून लावा, दोन्ही कडा सारख्या झिजतील. कडेला धारदार पापुद्रा आला असेल तर चपट्या कानसीने काढा. स्प्रॉकेट दोन चेनमागे एकदा बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली की ती पण वाया जाते.

चार-पाच वेळा धार लावल्यावर दातापुढचा छोटा उंचवटा, डेप्थ गेज म्हणतात त्याला, तो पट्टी ठेवून मापा. बहुतेक चेनना दातापेक्षा ०.६५ मिमी खाली पाहिजे. उंच राहिला तर चेन नुसती घासत जाते, आणि घाईत जास्त घासून टाकलात तर मशीन लाकडाला दात रोवून हिसका मारायला लागतं, किकबॅक वाढतो.

वाचनमात्र

बारवरचे आकडे पुसलेत आणि चेन तुटलीये. ड्राइव्ह लिंक मोजताना प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतोय, ५५ की ५६ कळेना.

दोन_स्ट्रोक

एका लिंकवर मार्करने ठिपका मारा आणि चेन सपाट पसरून फक्त आतल्या बाजूच्या लोंबणाऱ्या पात्या मोजा, दात नाही. दुसऱ्यांदा मोजताना दहा-दहाच्या गटाला दोरा बांधा. चेन तुटलेली आहे तर दोन्ही टोकांचा तुकडा समोर ठेवून एखादी लिंक हरवलीये का ते पण बघा, तुटताना बऱ्याचदा एक उडून जाते. शंका वाटली तर बार, स्प्रॉकेट आणि जुनी चेन तिन्ही सोबत घेऊन जा आणि तिथेच बसवून बघा, टेन्शनरचा (चेन ताणायचा) स्क्रू साधारण मध्यावर आला तर बरोबर.

वाचनमात्र

दोरा बांधला, ५६. धन्यवाद.